बाटलीतल्या गोळीला ऐकू आलेलं

मी एक जुनी पोलादी गोळी आहे. मोहरीपेक्षा मोठी, वाटाण्यापेक्षा लहान. नेलपेंटच्या बाटलीत तळाशी राहते. मित्रांनो, बाटली कानाशी धरून हलवलीत तर आत टकटक होतं ना, ती मी. पुष्कळांना वाटतं की आतून काच तुटलीय. काच शाबूत आहे. ती मी.

माझी एक अडचण आधीच सांगून ठेवते. मला ऐकू सतत येतं, पण बोलता येतं ते फक्त बाटली हलली की. बाटली ठेवली की मी हळूहळू रंगात बसत जाते आणि बोलणं जिथं असेल तिथंच

(ठेवली.)

तर हे असं. राहिलेलं वाक्य शोधत बसू नका. मीही बसत नाही.

माझा जन्म तारेतून झाला. कारखान्यात पोलादाची लांबच लांब तार यंत्रात जाते, तिचे तुकडे पडतात, ते तुकडे दोन जाड चकत्यांमध्ये रगडले जातात आणि रगडून रगडून गोल होतात. आमच्या खेपेला आम्ही चाळीस हजार भावंडं होतो. त्यातली बरीचशी सायकलींच्या चाकांत गेली. कुठल्या कुठल्या रस्त्यांवरून फिरत असतील आज. मीही फिरते, नाही असं नाही, पण माझा सगळा प्रवास अडीच इंचांचा. खाली, वर, पुन्हा खाली. रंग तळाशी जाऊन झोपतो, त्याला झोपू द्यायचं नाही, एवढीच माझी नोकरी.

आणि गंमत बघा, ज्या रंगात मी राहते तो मी कधी पाहिलेला नाही. आतून सगळा काळोखच. लोक म्हणतात, डाळिंबी आहे. मी डाळिंबही पाहिलेलं नाही. म्हणून मला प्रश्न फार पडतात. त्यातले काही इथं देते.

नखाला रंग लावताना माणसं श्वास का धरून ठेवतात? (सुटला. हात हलू नये म्हणून.)

डाव्या हाताची नखं रंगवताना गुणगुणणारी माणसं उजव्या हाताची वेळ आली की गप्प का होतात? (सुटला. आता ब्रश डाव्या हातात असतो.)

लावून झाल्यावर बोटांवर फुंकर का मारतात? त्यानं रंग लवकर वाळतो का? (सुटलेला नाही. मारणाऱ्यांनाही माहीत नसावं.)

ज्याला स्वतःची नखं दिसत नाहीत, ते माणूस ती रंगवतं कशाला?

हा शेवटचा प्रश्न माझा नव्हे. शेजारणीनं तो दारात उभं राहून विचारला होता. पण तो माझ्यापाशी राहिला आहे, आणि खरं तर त्याच्यासाठीच हे सगळं

(ठेवली.)

जिनं मला विकत आणलं ती कापडाच्या दुकानात काम करायची. दुकानात तिला सगळे मीटरबाई म्हणत. अठरा वर्षांत तिनं कापून दिलेलं कापड सहसा कुणी घरी जाऊन मोजलं नाही, आणि ज्यांनी मोजलं ते ओशाळले. तिचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकाला आधी कापड दिसतच नाही, कापडाखालचा हात दिसतो. हात गबाळा असला तर रेशीमही पोतेरं वाटतं.

म्हणून दर रविवारी, दुकान बंद असायचं तेव्हा, ती टेबलावर जुना टॉवेल पसरायची. बाटली जोरात हलवायची नाही. दोन्ही तळव्यांत धरून लाटणं फिरवावं तशी फिरवायची. जोरात हलवली की रंगात बुडबुडे येतात आणि ते नखावर फोडांसारखे उठतात. मग ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडावर पुसायची. नखाच्या मधोमध एक ओढ, डावीकडे एक, उजवीकडे एक. चौथी नाही. चौथी ओढ म्हणजे हावरेपणा, असं ती म्हणायची. मुळाशी केसभर जागा मोकळी सोडायची, म्हणजे कातडीला रंग लागत नाही. एक थर पूर्ण वाळला की मगच दुसरा.

मी तेव्हा सुखात होते. कौतुकही कानावर यायचं. एका बाईंनी तिला विचारलं होतं म्हणे की तुम्ही कोणत्या पार्लरमध्ये जाता. हे तिनं घरी आल्या आल्या बाटलीला सांगितलं. बाटलीला म्हणजे मला.

मग तिच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी संध्याकाळचं दिसेना. मग कडेचं दिसेना, दारांच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांमागच्या नसा सुकत चालल्या आहेत. काही दिवसांनी समोरचंही दिसेनासं झालं. दुकान सुटलं.

बाटली फळीवर राहिली. चौदा महिने. रंग खाली बसून माझ्याभोवती घट्ट होत गेला आणि मी चिखलात चाक रुतावं तशी रुतले. मित्रांनो, अशा वेळी वस्तूला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं काही नसतं. पण हे तिला फळीवर येऊन कोण सांगणार?

याच काळात तिची धाकटी बहीण तिच्याकडे राहायला आली. ही बालवाडीत शिकवते. पोरांनी कागदावर कसल्याही रेघोट्या मारल्या तरी त्याखाली 'छान' लिहून चांदणी काढायची, हा तिचा रोजचा उद्योग. तीच सवय घरी. भाजी छान, पाऊस छान, शेजारणीचा बेसूर मुलगा गातो तेही छान. थोरली तिला चिडवायची की उद्या घराला आग लागली तरी तू म्हणशील, उजेड छान पडलाय.

एका बुधवारी दुकानाचे मालक घरी येऊन गेले. म्हणाले, कापडाचा पोत तुम्हाला बोटांना कळतो, मीटर तुमच्या हातात होता, डोळ्यांत नव्हता. काउंटरच्या कडेला हाताला लागतील अशा खुणा कोरून घेतल्या आहेत. तुमची कात्री कुणाला दिलेली नाही. सोमवारी या. मीटरबाईनं होही म्हटलं नाही आणि नाहीही. ते गेले तशी धाकटी गुणगुणत कपबश्या विसळायला गेली, आणि थोरलीनं फळी चाचपून मला उचललं आणि घट्ट रंग सुटेपर्यंत तळव्यांत फिरवलं.

टक.

चौदा महिन्यांनी निघालेला तो आवाज ऐकून तिनं मला मुठीत घट्ट धरलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली,

“सोमवारपर्यंत दहाही नखं माझी मी रंगवली, एकही न बिघडवता, तर जाईन. नाहीतर मालकांना तू फोन कर.”

धाकटी हात पुसत आली. नखांचा आणि नोकरीचा संबंध काय, असं तिचं म्हणणं. आण इकडे, पाच मिनिटांत लावून देते. थोरली म्हणाली, हो, आणि मग घासही भरव. मग थोरलीनं हळू आवाजात खरं कारण सांगितलं. दुकानात परत गेलं तर लोक कीव करून कापड घेतील. कापड सूतभर कमी भरलं तरी कुणी बोलणार नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपला हात अजून सूतभर जागेत काम करतो की नाही, हे लोकांच्या आधी तिला कळायला हवं होतं. आणि सूतभर जागेचं काम घरात दुसरं कुठलं होतं?

दारात विचारणाऱ्या शेजारणीला उत्तर मिळालं नसेल. मला मिळालं.

बुधवारी बोटं रंगली आणि नखं कोरी राहिली.

गुरुवारी तिनं नखांभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन चोपडलं, म्हणजे बाहेर गेलेला रंग पुसून निघतो. ब्रश धरलेल्या हाताची करंगळी दुसऱ्या हातावर टेकवली, म्हणजे हात अधांतरी राहत नाही. रंग नखाला लागला की गार लागतो, त्या गारव्यावरून ब्रश कुठवर आला ते तिला कळायला लागलं. डावा हात बरा जमला. उजवा म्हणजे, धाकटीच्या शब्दांत, पाच छोटे अपघात. हे ती चुकून खरं बोलून गेली, आणि लगेच म्हणाली, पण छान आहेत.

शुक्रवारी मीटरबाईला युक्ती सापडली. ब्रश हलवायचाच नाही. ब्रश धरलेला डावा हात टेबलावर टेकवून खांबासारखा घट्ट ठेवायचा आणि उजव्या हाताचं बोटच त्याच्याखालून मागे ओढायचं. पुन्हा बोट किंचित कलतं करून ओढायचं, आणि मग दुसऱ्या बाजूला. दुकानात कापड कापतानाही ती कात्री कमी सरकवायची आणि कापड जास्त. हे आठवलं आणि ती एकटीच हसली.

आता माझ्या शेजारणीबद्दल सांगायला हवं. फळीवरच्या शेजारणीबद्दल. ही चकाकीची बाटली. बिनरंगी. रंग वाळला की सगळ्यात शेवटी तिचा एक थर द्यायचा. तिचा आकार माझ्याच बाटलीसारखा, झाकणही तेच, वासही तोच. फक्त तिच्यात गोळी नाही, कारण तळाशी बसायला रंगच नाही, मग ढवळणार काय? ती कायम फळीच्या डाव्या टोकाला आणि मी उजव्या. मीटरबाईनं ठरवलं होतं की आधी रंग जमू दे, चकाकीचं मग बघू. म्हणजे सोमवारपर्यंत तिला हात लावायचाच

(ठेवली.)

शनिवार.

(बोलण्याइतकी हललेच नाही.)

रविवार. टक.

आता शनिवारचं सांगते. म्हटलं ना, बोलता येत नसलं तरी ऐकू येतंच.

शनिवारी सकाळी धाकटीनं फळी पुसली. तिला आवराआवरीची हौस. आम्हा दोघींना उचललं, खालची धूळ झटकली आणि परत ठेवलं. मी डाव्या टोकाला आले. मग तिनं कपडे धुवायचं यंत्र लावलं आणि ते घरघरायला लागलं तशी फळीसुद्धा थरथरायला लागली. त्या गोंगाटात मीटरबाई आली, उजव्या टोकाची बाटली उचलली, तळव्यांत फिरवली, उघडली. ते झाकण माझं नव्हतं.

मी ओरडणार होते. पण बाटली ठेवलेली.

मी तिचे श्वास ऐकत राहिले. धरलेला, सोडलेला, धरलेला. मधेच ती स्वतःशी म्हणाली, आज ब्रश हलका चालतोय. पहिला थर. मग वाट बघणं. दुसरा थर. दहाही बोटं. मग तिनं बहिणीला हाक मारली आणि विचारलं, कसं झालंय?

धाकटी जवळ आली. आली आणि गप्प झाली. यंत्र पिळायला लागलं, पिळून थांबलं, तरी ती गप्प. समोर दहा स्वच्छ, चकचकीत, रंग नसलेली नखं आणि त्यांच्या वर एक चेहरा. तो चेहरा कसा होता ते मला माहीत नाही, पण धाकटीच्या आवाजावरून अंदाज आला.

“छान झालंय, ताई.”

“एकही बिघडलं नाही?”

“एकही नाही.”

तसं ते शब्दशः खोटं नव्हतं. बिघडायला रंगच नव्हता.

मीटरबाई मोठ्यानं हसली. तिनं स्वतः मालकांना फोन लावला आणि सोमवारी येते म्हणून सांगितलं. दुपारभर ती घरात गुणगुणत फिरत होती. संध्याकाळी धाकटी पाय न वाजवता फळीपाशी आली आणि तिनं आमच्या जागा पुन्हा बदलल्या. मी उजवीकडे, चकाकी डावीकडे. जसं काही झालंच नाही.

रविवारी सकाळी मीटरबाईनं मला सहज उचललं, लाडानं म्हणा हवं तर. तळव्यांत फिरवलं. मी घरंगळले. टक, टक. ती थांबली. पुन्हा फिरवलं. मग मला ठेवून शेजारच्या बाटलीला उचललं, फिरवलं, कानाशी नेलं. पुन्हा मला. पुन्हा तिला. असं चार वेळा. मित्रांनो, माझ्या आयुष्यात इतकं लक्ष देऊन मला कुणी ऐकलेलं नाही.

काल हा आवाज आला नव्हता, असं ती पुटपुटली. मग हाक मारली.

“धाकटे, माझ्या नखांचा रंग कोणता आहे?”

डाळिंबी, असं उत्तर आलं. फार पटकन आलं. थोरलीनं मला पुन्हा फिरवलं. टक. मग धाकटीचा आवाज बसला.

“तू इतकी खूश होतीस, ताई. आणि बाटल्या मीच हलवल्या होत्या.”

“मी तुझ्या बालवाडीत नाही,” मीटरबाई म्हणाली. “डोळे गेले ते गेले. आता मी तुझ्या शब्दावर पाय ठेवून चालते. तोच पोकळ निघाला तर मी चालायचं कसं?”

धाकटी रडली की नाही ते कळलं नाही. तिनं मोरीतला नळ सोडला आणि तो बराच वेळ वाहत होता.

ती परत आली तेव्हा थोरली मालकांना फोन करून येत नाही म्हणून सांगायच्या बेतात होती. धाकटी म्हणाली, आज पुन्हा लाव, आणि उद्या सकाळी शेवटचं. मला दिसेल ते सांगेन. थोरलीनं विचारलं, तुला येतं का सांगता? धाकटी म्हणाली, नाही येत. शिकव.

त्या दुपारची ही वही. नखं मीटरबाईची, तपासणी धाकटीची, आणि तपासणीची तपासणी पुन्हा मीटरबाईची.

डावा अंगठा: छान. (छान हे माप नाही. पुन्हा सांग.) नीट.
डावी तर्जनी: जरासं बाहेर. (जरासं म्हणजे किती? कुठल्या बाजूला?) अंगठ्याकडच्या बाजूला, एक सूत.
डावं मधलं: नीट.
डावी अनामिका: मुळाशी रंग साचलाय, फुगीर दिसतोय.
डावी करंगळी: ताई, हिला तू विसरलीस.
उजवा अंगठा: दोन्हीकडे बाहेर. अर्धं सूत, अर्धं सूत.
उजवी तर्जनी: टोकाला रंगच नाही.
उजवं मधलं: नी (खरं सांग.) नाही, नीट नाही, मधे कोरी रेघ राहिली आहे.
उजवी अनामिका: एक सूत बाहेर.
उजवी करंगळी: नीट. खरंच नीट.

तीन नीट, सात बिघडलेली. रिमूव्हरचा वास घरभर. सगळं पुसून पुन्हा लावलं. मग पाच बिघडली. पुन्हा पुसून लावलं तर चार. धाकटीचा आवाज पहिल्या खेपेला दर वाक्यागणिक माफी मागत होता. तिसऱ्या खेपेला तो नुसतं माप सांगत होता.

सोमवार.

टॉवेल पसरला. तळव्यांत मी हळू फिरले. टक, टक, टक. मी वाजले तशी ती म्हणाली, हं, तूच. मग मला ठेवलं, पण आज सांगायचं राहणार नाही, कारण प्रत्येक नखापूर्वी ती मला पुन्हा तळव्यांत फिरवत होती. दहाची बस. दुकान साडेदहाला उघडतं.

डावा हात झाला. ती गुणगुणत नव्हती. मग ब्रश डाव्या हातात गेला, कोपर टेबलाला टेकलं आणि एकेक बोट मागे सरकायला लागलं. पहिला थर. वाळवण. दुसरा थर. उजव्या अनामिकेपाशी श्वास मधेच सुटला. करंगळी झाली. आता नुसतं बसून राहायचं होतं, कशालाही न शिवता, आणि तेच तिला जमेना. वाळलं का बघायला एका बोटानं दुसऱ्याला हात लावल्याचा बारीक आवाज मी ऐकला. ओला रंग सुटताना चिकट आवाज येतो.

मग तिनं दोन्ही हात पुढे केले असणार, कारण समोरची खुर्ची सरकली आणि धाकटी बसली.

कसं झालंय, असं थोरलीनं विचारलं.

बसला दहा मिनिटं होती. एक नख पुसून दोन थर द्यायचे तर अर्धा तास. हे धाकटीला माहीत होतं. एकही बिघडलं तर ताई जाणार नाही, ही अटही माहीत होती. बहिणीनं पुन्हा दुकानात जावं असं या घरात सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल तर तिलाच. एक शब्द पुरला असता. तो तर तिला झोपेतही येतो.

“नऊ नीट आहेत,” ती म्हणाली. “उजवी अनामिका बिघडलीय. करंगळीच्या बाजूला दीड सूत बाहेर, आणि मधे बोटाचा ठसा उमटलाय.”

पुढे तिनं काहीच जोडलं नाही. चालेल म्हणाली नाही. कुणाला दिसणार नाही, असंही नाही.

घड्याळाचा काटा इतक्या मोठ्यानं चालतो हे मला त्या दिवशी कळलं.

“नऊ नीट, हे नक्की?” मीटरबाईनं विचारलं.

“दीड सूत मोजून सांगितलं ना, ताई? मग नऊही मोजूनच सांगितलेत.”

पुन्हा काटा. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज.

“माझी पिशवी दे.”

धाकटी अडखळली. म्हणाली, पण तू दहा म्हणाली होतीस.

“ती अट मी घातली तेव्हा माझ्या नखांकडे नीट बघणारं कुणी नव्हतं,” मीटरबाई म्हणाली. “आता आहे. चल, बस जाईल.”

दार उघडलं, दोघींची पावलं जिन्यावरून खाली गेली. धाकटी पायऱ्या मोजत होती आणि थोरली तिला सांगत होती की एवढं मोजायची गरज नाही, पायऱ्या मला पाठ आहेत, तू फक्त माणसं आडवी आली तर सांग.

मित्रांनो, दुकानात काय झालं ते मला माहीत नाही. गिऱ्हाइकानं ते बोट पाहिलं का? विचारलं का? पाहून कापड घेतलं का? माझ्या न सुटलेल्या प्रश्नांत आता हे तीन आणखी. माझी बाटली टेबलावर उघडीच राहिली होती. वारा लागून वरचा रंग सुकायला लागला होता. मी आता जुनी झाले आहे, रंगही घट्ट होत चाललाय आणि मला पूर्वीसारखं झपकन फिरता येत नाही. पण धाकटी बसथांब्यावरून परत आली, तिनं कापसानं बाटलीचं तोंड पुसलं, झाकण घट्ट लावलं, आणि ठेवण्याआधी फळीवर हात फिरवून डावं कुठलं आणि उजवं कुठलं ते तपासलं. तेवढ्या हलण्यात मी हे शेवटचं सांगून घेते.

बाटलीचं झाकण घट्ट लावा. दुसऱ्याची वस्तू उचललीत तर होती तिथंच ठेवा. आणि कुणी हात पुढे करून 'कसं झालंय' असं विचारलं, तर लगेच छान म्हणू नका. आधी खुर्ची जवळ ओढा. खाली वाका. एकेक नख बघा. मग दिसेल तेवढं सांगा, सूतभर असलं तरी